२१४ कोटींची मूळ संख्या

२१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. कोडिंग करणाऱ्यांना हा आकडा तोंडपाठ असतो. साध्या ३२ बिटच्या इंटीजरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरने ३२ शून्य-एकांत (त्यातला एक अधिक-उण्यासाठी) साठवलेल्या पूर्णांकात, याच्यापुढे मोजताच येत नाही, आणि १९७० पासूनचे सेकंद अशा इंटीजरमध्ये मोजणाऱ्या जुन्या सिस्टिम १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, या आकड्यावर पोचणार आणि पुढच्याच सेकंदाला थेट १९०१ साल दाखवणार.

पण खरं सांगायचं तर यात या संख्येचं स्वतःचं कर्तृत्व काही नाही. दोनाचा ३१ वा घात, वजा एक, बस. १६ बिटवाली लिमिट ३२,७६७ होती, तिला तर सातनेच भाग जातो, कुणाचं काही अडलं नाही.

हिची खरी गंमत ही की हिला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, म्हणजे ही मूळ संख्या आहे, आणि हे सिद्ध केलं १७७२ मध्ये ऑयलर या स्विस गणितीने, रशियात सेंट पीटर्सबर्गला बसून, तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना. कसं केलं बघा. संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या थोडं वर, म्हणजे तिथपर्यंतच्या साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागून बघायचं, कंटाळाच की. पण घात ३१ असल्यामुळे भाजक असलाच तर तो ६२ च्या पटीत एक मिळवून येणारा हवा, शिवाय त्याला आठने भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरायला हवी. (घात ११ घेऊन बघा ना, २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९, आणि दोन्ही २२ च्या पटीपेक्षा एकने जास्त!) या चाळणीतून उरतात फक्त ८४ मूळ संख्या. सगळ्यात लहान ३११. भागून बघितलं तर बाकी ३५. मग पुढची १३०३, असं करत शेवटपर्यंत, आणि एकानेही पूर्ण भाग जात नाही.

यानंतर कित्येक दशकं हीच माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या होती. मध्ये १८११ ला पीटर बार्लो या इंग्रज गणितीने तर लिहूनच टाकलं की याहून मोठी कधी सापडायची नाही, कारण असल्या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग शून्य, तर शोधत बसणार कोण?

उपयोग निघाला. रँडम आकडे काढायची एक जुनी रीत आहे, मागच्या आकड्याला १६,८०७ ने गुणायचं, आपल्या या संख्येने भागायचं, बाकी उरेल तो पुढचा आकडा. इथे मात्र ती मूळ असणं खरंच कामाला येतं, कारण त्यामुळेच १ पासून २१४,७४,८३,६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकेकदा येऊन गेल्याशिवाय चक्र रिपीट होत नाही. सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेत ही रीत आजही तयार मिळते. पासवर्ड-बिसवर्डसाठी तेवढी वापरू नका, एक आकडा कळला की पुढचे सगळे कुणीही काढू शकतो.