‘ऑटिझम नाही’ म्हणाले, मग पुढे काय?

नमस्कार मंडळी.

आमचा मुलगा सात वर्षांचा असताना त्याची ऑटिझमसाठी तपासणी झाली. त्या तारखेची आम्ही दीड वर्ष वाट पाहिली होती. मग पत्र आलं: निकषांत बसत नाही. घरी फोन केले, सगळ्यांनी “सुटलात बाई एकदाचे” म्हणून सुस्कारा टाकला. मी पत्र हातात धरून उभी होते आणि समोर तो गृहपाठाला बसला होता. ‘व्हेन’ हा शब्द पुस्तकातून वहीत उतरवायचा होता. तो एक अक्षर बघायचा, मान खाली घालायचा, तेवढ्यात ते अक्षर डोक्यातून निसटायचं, की पुन्हा मान वर. इंग्रजीतल्या चार अक्षरांसाठी सात वेळा. मी मोजलं. पत्राआधी तो जिथे अडत होता, पत्रानंतरही तिथेच अडत होता.

सोमवारी शाळेत गेले. सेन्को, म्हणजे शिकण्यात जास्त मदत लागणाऱ्या मुलांचं काम बघणाऱ्या शिक्षिका, म्हणाल्या, “निदान नाही, त्यामुळे आम्हाला काही करता येणार नाही.” मी मुकाट्याने घरी आले. त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून आम्ही आठ महिने घालवले. तुमच्यापैकी कुणाचे असे महिने जाऊ नयेत, म्हणून आज बोलायला उभी राहिले आहे.

ते वाक्य चूक होतं. इंग्लंडमधला ‘चिल्ड्रन अँड फॅमिलीज अ‍ॅक्ट २०१४’ निदानाची अट घालत नाही. बरोबरीच्या बहुतेक मुलांपेक्षा या मुलाला शिकणं बरंच जास्त जड जातंय का, आणि त्यासाठी वेगळी सोय लागेल का, एवढंच तो बघतो. लागत असेल तर शाळेने आधी स्वतः प्रयत्न करायचे असतात. त्याला ‘सेन सपोर्ट’ म्हणतात; सेन म्हणजे शिकण्यातल्या विशेष गरजा. कुठे अडतंय ते शोधायचं, उपाय ठरवायचे, करून बघायचे, फरक पडला का ते तपासायचं. वर्षातून किमान तीनदा पालकांशी बसून बोलायचं, असं सरकारी मार्गदर्शिकेतच लिहिलं आहे. तेव्हा “तुम्ही नेमकं काय करताय आणि फरक कधी तपासणार?” हा प्रश्न विचारा, आणि तो ईमेलने विचारा. तोंडी बोलणं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता आपल्या घरांबद्दल थोडं, कारण इथे मला राहवत नाही. “घरी मराठी बोलता म्हणून तो मागे पडतोय, इंग्रजीच बोला,” हे आम्हालाही सांगितलं गेलं, आणि काही आठवडे मी तसं केलंही. त्या आठवड्यांत तो माझ्याशी बोलायचाच कमी झाला. दोन भाषांमुळे शिकण्याची अडचण निर्माण होत नाही. उलट, अडचण खरी असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. हे सर्वांत आधी माझ्या सासूबाईंच्या लक्षात आलं. रोज फोनवर नातवाकडून गोष्ट ऐकताना त्या म्हणाल्या, “अगं, हा शेवट आधी सांगतो आणि मधलं गाळतो. मराठीतसुद्धा.” त्यांनी तारखेसकट लिहून ठेवलेल्या चार-पाच नोंदी मी भाषांतर करून पुढे केलेल्या अर्जाला जोडल्या. अडचण फक्त इंग्रजीची नाही हे त्यातून स्पष्ट झालं. पुढे स्पीच थेरपिस्टनेही तेच धरून तपासणी केली. आजी-आजोबांना विचारा. त्यांना खूप दिसत असतं.

शाळेची मदत पुरत नसेल तर पुढची पायरी म्हणजे ईएचसी प्लॅन: मुलाला कोणती मदत द्यायलाच हवी हे लिहिलेला कायदेशीर कागद. त्यासाठी लागणाऱ्या तपासणीचा अर्ज पालक थेट कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, करू शकतात, शाळेची परवानगी लागत नाही. मुलाला विशेष गरज असू शकते आणि प्लॅन लागू शकतो, एवढं दाखवलं तरी पुरतं. ‘असू शकते’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कौन्सिलने ६ आठवड्यांत उत्तर द्यायचं आणि प्लॅन द्यायचा ठरला तर तो अर्जापासून २० आठवड्यांत. प्रत्यक्षात उशीर होतो, तेव्हा पाठपुरावा करत राहा. तपासणी मंजूर झाली की एज्युकेशनल सायकॉलॉजिस्टचा (मुलांच्या शिकण्यातल्या अडचणी तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचा) अहवाल कौन्सिलनेच मिळवायचा असतो, त्यामुळे आधी स्वतःच्या खिशातून खर्च केलाच पाहिजे असं नाही.

आम्हाला आधी नकारच आला. रात्रभर रडले. पण नकाराच्या पत्रातच पुढचा रस्ता असतो: मध्यस्थी, आणि पत्राच्या तारखेपासून साधारण दोन महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशा वादांचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील. अपिलाला फी नाही. आमच्या बाबतीत मध्यस्थीतच कौन्सिलने निर्णय बदलला. हे सगळं आम्हाला समजावलं ते ‘सेंडियास’ या मोफत सेवेतल्या बाईंनी. ही सेवा प्रत्येक कौन्सिलच्या भागात असते.

वर्क व्हिसावर असलेल्यांना एक भीती असते. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते आणि मदत घेता येणार नाही, असं लिहिलंय, मग हे मागितलं तर व्हिसा अडेल का? शाळेतली मदत आणि ईएचसी प्लॅन हे त्या ‘पब्लिक फंड्स’मध्ये येत नाहीत, निर्धास्तपणे मागा. डीएलए हा अपंगत्व असलेल्या मुलांसाठीचा सरकारी भत्ता मात्र त्यात येतो, त्यामुळे ती अट असताना अर्ज करू नका. ज्यांना ती अट नाही त्यांनी हे लक्षात ठेवावं, की डीएलएसुद्धा निदानावर ठरत नाही, मुलाची काळजी किती जास्त घ्यावी लागते यावर ठरतो.

अर्जात “तो हुशार आहे पण लक्ष देत नाही” असं लिहू नका, आपण सगळे ते लिहितो. जे घडतं ते लिहा. मी लिहिलं होतं: तीन सूचना एकदम दिल्या की पहिलीच करतो आणि वर्गाच्या मधोमध उभा राहतो. आता त्याच्या बाकावर चित्रांची एक पट्टी असते, एका वेळी एकच सूचना. ती झाली की तो स्वतः ते चित्र उलटं करतो.

कार्यक्रमानंतर मी दाराजवळच्या टेबलाशी बसणार आहे. आमच्या अर्जाची नावं खोडलेली प्रत आणली आहे. ज्यांना पत्र लिहायचंय त्यांनी या, मराठीत सांगा, आपण बसून इंग्रजीत उतरवू.