बारीक रेघेला काय लागतं?

श्रोतेहो, नमस्कार. लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेवर नवरा-नवरीची नावं ज्या अक्षरात असतात, ते डोळ्यांसमोर आणा. उभ्या रेघा भरदार, आडव्या अगदी बारीक, आणि टोकांना नाजूक पाय, म्हणजेच सेरिफ. हे रुबाबदार अक्षर मला मनापासून आवडतं. म्हणूनच त्याची आबाळ झालेली बघवत नाही.

अशी अक्षरं घडवणाऱ्यांत बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल हे मोठं नाव. तो आधी सुलेखन शिकवायचा, थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरायचा. पुढे रोगण चढवलेल्या वस्तूंच्या धंद्यात कमावलेला पैसा त्यानं छपाईत घातला. आधीच्या खिळ्यांपेक्षा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांपेक्षा, त्याच्या खिळ्यांत जाड-बारीक रेघांतला फरक जास्त होता. पण तेव्हाच्या खरबरीत कागदावर बारीक रेघ उठणार कशी? मग त्यानं गुळगुळीत कागद मिळवला, शाई अधिक काळी केली, यंत्र सुधारलं, छापलेले ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांत दाबले. 1757 साली त्याचं पहिलं पुस्तक निघालं, लॅटिन कवी व्हर्जिलच्या काव्याचं. उद्यमनगरातल्या, धातूचं ओतकाम करणाऱ्या श्रोत्यांना हे लगेच पटेल. साच्याचा पॅटर्न कितीही नेमका असला, तरी वाळू खराब निघाली की कास्टिंग बिघडतंच.

लोक मात्र म्हणाले, या रेघांनी डोळे जातील! बेंजामिन फ्रँकलिननं अशा एका गृहस्थाला लंडनच्या कॅस्लन या खिळे घडवणाऱ्याच्या, लोकांच्या सवयीच्या खिळ्यांचा नमुना, वरचं नाव फाडून, बास्करव्हिलचा म्हणून दाखवला. त्यातही त्यांना तेच दोष दिसले.

पुढे पॅरिसचे दिदो आणि इटलीतल्या पार्माचा बोडोनी या मुद्रकांनी जाड-बारीक रेघांतला हा फरक आणखी ताणला. फॅशन मासिकांची मोठमोठी शीर्षकं त्याच घराण्यातली. मोठ्या आकारात ती शोभतातच. आपल्याकडं घोटाळा होतो तो पत्रिकेवरच्या पत्त्याच्या ओळीत. नावाचंच अक्षर तिथं आठ पॉइंटात, म्हणजे अगदी लहान आकारात, तेही गडद मरून रंगावर पांढरं. शाई पसरते, आडवी रेघ बुजते, आणि स्मॉल 'ई'चा 'सी' होतो. पत्त्याला कमी फरकाचं अक्षर घ्यावं, एवढंच.

देवनागरीची गोष्ट वेगळी. आपलं जाड-बारीक तिरक्या कापलेल्या बोरूतून आलं, आणि त्याचा काप इंग्रजी लेखणीच्या उलट. त्यांची जी तिरकी रेघ जाड, ती आपली बारीक. त्यामुळं बोडोनीचा नियम जसाच्या तसा लावून शिरोरेघ बारीक केली, की शब्दाची बांधणीच सुटते. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचं जुनं पुस्तक हाती आलं तर जरूर बघा. बोरूचं वळण धातूच्या खिळ्यात कसं उतरवायचं, ते तिथं कळतं.

आणि घरात लग्न असेल तर पत्रिका नुसती मोबाइलवर मोठी करून मंजूर करू नका. त्याच कागदावर, त्याच आकारात एक प्रत मागून घ्या आणि ती आजोबांना वाचायला द्या. कार्यालयाचा पत्ता त्यांना न अडखळता वाचता आला, तरच छपाईला होकार कळवा. नमस्कार.