शोधचौकटीतली चिन्हे

पडद्यावर शब्दांच्या नोंदींची लांबलचक यादी आहे आणि तिच्या वर एक रिकामी शोधचौकट आहे. हवा असलेला शब्द पूर्ण आठवत नाही, तो ‘का’ने सुरू होतो एवढेच लक्षात आहे. चौकटीत ‘का*’ असे टाइप करून एंटर दाबले की ‘का’ने सुरू होणारेच शब्द यादीत उरतात.

तारकाचिन्ह म्हणजे कितीही अक्षरे, अगदी एकही नसले तरी चालेल, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे नेमके एक अक्षर, हा संकेत नोंदींचा साठा, म्हणजे डेटाबेस, सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या प्रोग्रॅमच्या नेहमीच्या मांडणीत चालतो. डेटाबेसमधून नोंदी मागण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आणि १९८६ साली प्रमाणित झालेल्या एसक्यूएल भाषेत मात्र नमुना जुळवणाऱ्या ‘लाइक’ या शब्दाबरोबर हेच काम अनुक्रमे टक्क्याचे चिन्ह (%) आणि अंडरस्कोर (_) करतात. ॲप्लिकेशन लिहिणारा एका चिन्हाच्या जागी दुसरे घालायला विसरला, तर डेटाबेस खरोखरीची तारका शोधत बसतो, यादी रिकामी येते आणि नोंद मुळात नाहीच, अशी वापरणाऱ्याची समजूत होते. चूक दाखवणाऱ्या संदेशापेक्षा ही रिकामी यादी मला अधिक घातक वाटते, कारण तिच्याविषयी कोणी शंका घेत नाही.

चिन्ह कोठे आहे, यावर वेगही अवलंबून असतो. ‘का%’ शोधताना डेटाबेसला इंडेक्सवरून, म्हणजे क्रमाने लावलेल्या सूचीवरून, थेट त्या भागाशी पोहोचता येते. ‘%रण’ शोधताना सुरुवातच अज्ञात असल्याने साधा इंडेक्स निरुपयोगी ठरतो आणि एकेक नोंद तपासावी लागते.

आपल्या लिपीत खरी गुंतागुंत अंडरस्कोरची आहे. ‘किरण’ डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, परंतु युनिकोड या अक्षरे साठवण्याच्या संगणकीय पद्धतीत क, पहिली वेलांटी, र आणि ण असे चार घटक साठवलेले असतात आणि एसक्यूलाइट हा डेटाबेस-प्रोग्रॅम अंडरस्कोर जुळवताना हे घटकच मोजतो. म्हणून तीन अंडरस्कोर दिले तर ‘करण’ सापडतो, ‘किरण’ सापडत नाही. उलट ‘क_रण’ दिले तर ‘किरण’ आणि ‘कारण’ दोन्ही येतात, पण ‘करण’ गळतो, कारण त्यात क आणि र यांच्यामध्ये काहीच नाही. जोडाक्षरात तर पाय मोडल्याची खूणही वेगळी मोजली जाते, त्यामुळे ‘पत्र’ या दोन अक्षरी शब्दाला चार अंडरस्कोर लागतात. देवनागरी नोंदींसाठी चौकट तयार करणाऱ्याने वापरणाऱ्याला अशी मोजदाद करायला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘क%रण’ असा शोध दिला, की करण, किरण आणि कारण हे तिन्ही शब्द एकत्र समोर येतात आणि त्यांतला हवा तो निवडता येतो.