काका, मेन स्विच कुठंय?

नमस्कार श्रोतेहो. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन होऊन घरोघरी कामाला जाणाऱ्या मुलींसाठी आजचं हे बोलणं आहे.

बेल वाजते. दार उघडणारे काका तुमच्या खांद्यावरून जिन्याकडे बघतात. "पुरुष माणूस कोणी आलं नाही का?"

यावर भाषण नको. "काका, करंट कुठं विचारतो कोण आलंय ते! मेन स्विच कुठंय?" उत्तराचा पहिला अर्धा भाग हसवतो, दुसरा त्यांना कामाला लावतो. मेन स्विच दाखवायला निघालेला माणूस वाद घालत बसत नाही. मात्र "आम्हा बायकांना कुठं एवढं कळतं" असा विनोद चुकूनही करू नका. काका तो लक्षात ठेवतात आणि बिलाच्या वेळी काढतात.

आता पंखा. नुसता गुणगुणतोय, फिरत नाही. आधी बंद करून पाती हाताने फिरवून बघा. जड फिरली तर बेअरिंग. हलकी फिरत असतील तर पंखा चालू करून कोरड्या लाकडी काठीने पात्याला ढकला. ढकलल्यावर फिरू लागला तर बहुधा कंपॅसिटर, म्हणजे पंख्याला सुरुवातीचा जोर देणारा भाग, गेलाय. मग एमसीबी, म्हणजे त्या लाइनचा बोर्डावरचा स्विच, पाडा. टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर लावून बघा, कारण टेस्टरच बिघडलेला असला तर तो सगळीकडे 'बंद' दाखवतो. त्यानंतरच पंख्याच्या वायरीला लावा. कंपॅसिटरची टोकं टेस्ट लॅम्पला, म्हणजे वायरी जोडलेल्या बल्बला, टेकवून डिस्चार्ज करा. साध्या पंख्याला बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, तरी जुन्यावरचा आकडा वाचूनच नवा घाला. जुना काकांच्या हातात द्या.

पंखा फिरला की ठरलेलं वाक्य येतं, "बाई असून छान केलंस!"

"बाई असून नाही हो काका, कंपॅसिटर नवा असून!"

पाण्याच्या पंपाच्या कामाला गेलात की ऐकावं लागतं, "याला ताकद लागते". लागते ना, म्हणून तर पाना लांब आणायचा. २५ सेंटिमीटरच्या पान्यावर ४० किलोचा जोर लावून जे होतं, तेच ५० सेंटिमीटरच्या पान्यावर २० किलोत होतं. गंजलेल्या बोल्टवर आधी गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांबा. पान्यात पाइप घालून झटका दिला की बोल्टचं डोकं तुटतं, मग ताकदवाला आणि बिनताकदवाला दोघंही ड्रिल घेऊन बसतात.

साताऱ्याच्या रेल्वेचालक सुरेखा यादव यांनी ८ मार्च २०११ला डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली. बोरघाट उतरताना गाडी काही खांद्याने अडवत नाहीत, ब्रेकचा हिशेब ठेवतात. त्यांचा डिप्लोमाही इलेक्ट्रिकलचाच, कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातला.

आणि हे नीट ऐका. कोणी अंगचटीला आलं, दार लावून घेतलं, घाणेरडं बोललं, तर तिथं विनोद संपला. हत्यारं राहू द्या, बाहेर पडा. तारीख, वेळ, पत्ता त्याच दिवशी वहीत लिहा. २०१३च्या कायद्याने लैंगिक छळाची लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत करता येते. तुम्ही ज्यांच्याकडे नोकरीला आहात तिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तिथल्याच अंतर्गत समितीकडे, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. ती कुठं बसते हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.