जनुक तपासणीच्या अहवालातला 'स्टार १' नेमकं काय सांगतो?

वॉरफेरिन हे रक्ताची गुठळी रोखणारं औषध देताना चूक फार काळ लपत नाही. डोस जास्त झाला की रक्तस्राव, कमी पडला की गुठळी. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, बहुतेकांचा २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. त्यासाठी एकाला रोज दीड मिलिग्रॅम पुरतं, तर दुसऱ्याला सात लागतात. वय, वजन, सोबतची औषधं यांचा परिणाम आहेच, पण दोन जनुकांचा वाटा मोठा. व्हीकेओआरसी१ हे औषधाचं लक्ष्य, आणि सीवायपी२सी९ हे यकृतातलं एन्झाइम औषधाच्या जास्त जोरकस रूपाचा निचरा करतं.

व्हीकेओआरसी१ चं 'ए' रूप असलं की कमी डोसात भागतं. पूर्व आशियात या रूपाचं प्रमाण सुमारे ९० टक्के, युरोपात ४० च्या आसपास, आफ्रिकेत १० च्या आसपास. यावरून 'आफ्रिकन वंशाच्या रुग्णाला जास्त डोस' असा सोपा नियम काढायचा मोह होतो. ब्राझीलमध्ये तो कुणाला लावणार? २०२२ च्या जनगणनेत तिथल्या ४५.३ टक्के लोकांनी स्वतःची नोंद 'पार्दो', म्हणजे मिश्र, अशी केली. 'ब्रांको', म्हणजे गोरा, असं सांगणाऱ्यांतही आफ्रिकन आणि मूळ अमेरिकन पूर्वजांचे अंश सापडतात. कातडीच्या रंगावरून डोस ठरवणं म्हणजे तिथे अंदाजपंचे काम.

बरं, मग वंशाची टक्केवारी मोजली तर? तीही अपुरीच. मिश्र वंशाच्या माणसाचा जीनोम गोधडीसारखा असतो: एक ठिगळ इकडचं, शेजारचं तिकडचं. एकूण निम्मं कापड आफ्रिकन असलं, तरी सीवायपी२सी९ च्या जागी कुठलं ठिगळ आलंय ते त्या टक्केवारीतून कळत नाही. याच जनुकाच्या शेजारी आरएस१२७७७८२३ नावाचा डीएनएतल्या एका अक्षराचा बदल आहे. आफ्रिकन-अमेरिकन रुग्णांत तो असला की डोस कमी लागतो. तोच बदल युरोपीय लोकांतही आढळतो, पण तिथे त्याचा डोसवर तसा परिणाम दिसत नाही. अक्षर एकच, शेजारपाजार वेगळा.

२०१३ च्या कोअ‍ॅग या वॉरफेरिनच्या डोसावरच्या रुग्ण-चाचणीत हे महागात पडलं. जनुकाच्या प्रकारांना 'स्टार' आणि आकडा अशी नावं असतात. डोसाच्या सूत्रात व्हीकेओआरसी१ होतं, आणि सीवायपी२सी९ च्या मंद प्रकारांपैकी फक्त स्टार २ व स्टार ३. पहिल्या चार आठवड्यांत कृष्णवर्णीय रुग्णांचा आयएनआर योग्य मर्यादेत राहिला तो ३५.२ टक्के काळ. जनुकं न बघता वय-वजनावर डोस ठरवलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांत ४३.५ टक्के. म्हणजे तपासणी करूनही नुकसानच.

खोच अहवालातच आहे. 'स्टार १' हा शोधून सापडलेला प्रकार नव्हे. जे शोधलं त्यातलं काही मिळालं नाही, की यंत्र तेच छापतं. आफ्रिकन पूर्वज असलेल्यांत दिसणारे स्टार ५, ६, ८ आणि ११ हे मंद प्रकार पॅनलमध्ये, म्हणजे तपासायच्या यादीत, नसतील, तर स्टार ८ चा माणूसही 'नॉर्मल' ठरतो आणि त्याला जास्त गोळी जाते. हे चार प्रकार तपासलेच नसतील, तर आफ्रिकन वंशाच्या रुग्णाचा डोस जनुकांवरून काढू नये, वय-वजनावरून ठरवावा, असं जनुकांवरून औषधं ठरवण्याचे सल्ले देणाऱ्या सीपिक या तज्ज्ञगटाच्या २०१७ च्या मार्गदर्शनात आहे. यांपैकी एखादा प्रकार सापडला, तर काढलेला डोस त्या प्रकाराच्या प्रत्येक प्रतीमागे (आईकडून एक, वडिलांकडून एक) १५ ते ३० टक्के कमी करायचा.

म्हणून अहवाल हाती आला की निकालाआधी खालची बारीक अक्षरं वाचा: कोणकोणते प्रकार तपासले? यादी नसेल तर लॅबला फोन करून मागा. यादीत नुसते २ आणि ३ असतील, तर मिश्र वंशाच्या रुग्णाबाबत त्या 'नॉर्मल'वर डोस वाढवू नका.