शेवटच्या जवानालाही ठाऊक

[दृश्य : जमिनीवरचा नकाशा, हात जवळून]

निळी रांगोळी म्हणजे पाणी. हिरवा रंगवलेला भुसा म्हणजे झाडी. वाट फक्कीने आखलीय. पानशेतच्या काठावर सुभेदारसाहेब पहाटेपासून उकिडवे बसून हे मांडतायत. त्यांची सगळी नोकरी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात गेली. लष्करात याला सँड मॉडेल म्हणतात. मोहिमेआधी जमीन अशी पायाशी मांडायची आणि शेवटच्या जवानालाही दाखवायची.

[दृश्य : बसमधून उतरणारी मंडळी]

ही हिंजवडीची सॉफ्टवेअरवाली टीम. सगळे बसतात एकाच मजल्यावर, पण रिलीजची तारीख बदलली की टेस्टिंगवाल्यांना ईमेलनेच कळतं. (हे बसमध्ये कळलं, कॅमेरा तेव्हा बंद होता.)

आज रिकामे ड्रम, बांबू आणि दोर घेऊन तराफा बांधायचाय. साहेब छडी फिरवत सांगतात : बांधणार कोण, उचलणार कोण, दोर सुटला तर काय, मी नसलो तर हुकूम कोणाचा. शेवटी विचारतात, "कोई शक?"

सगळे गप्प. ऑफिसातल्या मीटिंगची सवय!

साहेब पुन्हा विचारतात. मागच्या रांगेतून नवीनच लागलेली एक मुलगी हात वर करते. "सर, वारा उलटा आहे. तराफा त्या खडकांकडे जाईल ना?"

साहेब छडी तिच्याच हातात देतात. "दाखव बेटा, कुठून न्यायचा."

[दृश्य : बेली पुलाची जुनी छायाचित्रं]

सॅपर्सचा बेली पूल, म्हणजे सुटी पोलादी पॅनेलं जोडून उभा करायचा पूल, ही दुसऱ्या महायुद्धातली रचना. एक पॅनेल १० फूट लांब, वजन अडीचशे किलोच्या वर. क्रेन नाही, सहा माणसं उचलतात. पूल एका काठावर जोडत जायचा आणि रोलरवरून पुढे ढकलायचा. पुढचं टोक अधांतरी, मागे भार जास्त, म्हणून तो कलंडत नाही. पॅनेलवाले वेगळे, आडव्या तुळयांचे वेगळे, फळ्यांचे वेगळे. सहातल्या एकाने हात आधी सोडला तर शेजाऱ्याचा पाय गेलाच. म्हणून आवाज एकाचाच. मात्र तो आवाज सुटण्याआधी अख्खा पूल प्रत्येकाच्या डोक्यात असतो. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकावर २०१७ साली चेंगराचेंगरी झाली, त्यानंतरचा पादचारी पूल याच सॅपर्सनी उभारला. २०१८ च्या फेब्रुवारीत तो खुला झाला.

कंपन्यांना फौजी शिस्त म्हटलं की हजेरीची वेळ आणि चढा आवाज आठवतो. ते उचलणं सोपं, म्हणून तेवढंच उचललं जातं.

[दृश्य : तराफा, मग जेवणाची पंगत]

लाइफ जॅकेट घालून सगळे तराफ्यावर. मार्ग त्या मुलीने दाखवलेला. दुपारी पिठलं-भाकरी. वाढायला स्वतः सुभेदारसाहेब, आणि मुलं उठेपर्यंत ते ताटावर बसत नाहीत.

पुढच्या सोमवारी हिंजवडीतल्या बैठकीत टीम लीडने शेवटी शंका विचारल्या. तीन निघाल्या, असं तो फोनवर म्हणाला.