आधीचं वचन, नंतरचं वचन

श्रोतेहो, सलाम.

आपल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत भिंतीवर एक वचन असतं. कॅलेंडरवर, नाहीतर नववर्षाच्या उपासनेत मिळालेल्या कार्डावर. यिर्मया 29:11. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत. परीक्षेला निघालेल्या मुलाला आई हेच वचन देते. द्यावंही. पण त्याच्या अलीकडचं, दहावं वचन किती जणांना आठवतं? तिथे लिहिलंय, बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर.

सत्तर वर्षं! हे एक पत्र आहे, यिर्मया संदेष्ट्यानं यरुशलेमेहून बाबेलला पाठवलेलं. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं इ.स.पू. 597 मध्ये यहूदाच्या राजाला, कारागिरांना, लोहारांना उचलून नेलं होतं. त्यांतल्या तिशीतल्या माणसानं हे पत्र ऐकलं, तर त्याला एवढं नक्की कळलं असेल की आपण काही आता घर बघत नाही. मग संकल्प हिताचे कसे? ते पाचव्या वचनापासून वाचा. घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा. आणि ज्या शहरानं तुम्हाला धरून नेलं, त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

आता एक पान मागे या. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. मंदिरात, सगळ्यांच्या देखत तो यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या सत्तेची खूण असलेलं लाकडी जू काढतो, मोडून टाकतो आणि सांगतो, दोन वर्षांत सगळे परत येतील. तोही "परमेश्वर म्हणतो" असंच म्हणतो, बरं का. लोकांना कोण आवडलं असेल, सांगायला नको. मलाही हनन्याच आवडला असता. पण तो खोटं बोलत होता, आणि त्याच वर्षी मेला.

म्हणजे अकरावं वचन एकटं वाचलं, तर यिर्मयाचं वचन आपण हनन्याच्या सुरात म्हणू लागतो. भिंतीवरची अक्षरं तीच. अर्थ मात्र दुसऱ्याचा.

बिरुया शहरातल्या लोकांनी तर साक्षात प्रेषित पौलाचं बोलणंही तपासून पाहिलं. ऐकलं आनंदानं, पण रोज शास्त्र उघडून पाहिलं, हा सांगतो ते तसंच आहे का. प्रेषितांची कृत्ये, सतरावा अध्याय. ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांना त्याबद्दल रागावत नाही, मोठ्या मनाचे म्हणतो. आमच्यासारख्या बोलणाऱ्यांनाही तुम्ही असंच तपासावं. आजचं हे भाषणसुद्धा.

आणि आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाई. लहानपणी भागवत मुखोद्गत केलेलं, 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' म्हणून गौरवलेलं. पाठांतरात त्यांचा हात कोण धरणार? तरी बायबलसाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. निराधार बायका-मुलांसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनचा पसारा सांभाळून, वर्षानुवर्षं, 1922 साली डोळे मिटेपर्यंत हे काम चाललं होतं.

तुम्हाला कोणी हिब्रू शिकायला सांगत नाही. आज रात्री जेवणं आटोपली की यिर्मयाचे अठ्ठावीस आणि एकोणतीस हे दोन अध्याय सलग, मोठ्यानं वाचा. फार वेळ लागत नाही. हातात पेन्सिल असू द्या. जिथे अडेल तिथे समासात प्रश्नचिन्ह काढा, आणि रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांना गाठून विचारा.